सोजरबाईच्या नऊ शेळ्या

मी जेवून हात धुवत होतो तेव्हा सोजरबाई दारात आली. पायात चप्पल नव्हती. पदर खांद्यावरून घसरलेला, तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"केशर, चल लौकर. शेळ्या पडायल्यात."

केशर म्हणजे माझी बायको, गावातल्या शेळ्यांना लस टोचायची ती. तिची अर्धी भाकरी ताटात होती. ती तशीच उठली.

"किती पडल्या?"

"चार. बाकीच्या कापायल्यात नुसत्या. तोंडाला फेस आलाय."

"काल लस टोचली तवा तर धडधाकट होत्या की," मी म्हणालो.

त्या दिवशी लशीचं नाव पहिल्यांदा निघालं ते माझ्या तोंडून. केशरनं माझ्याकडं पाहिलं. औषधांची पेटी उचलून ती सोजरबाईच्या मागं पळत गेली. मीही गेलो.

सोजरबाईचं घर आमच्या घरापासून चौथं. दारात लिंबाचं झाड आहे, त्याखाली शेळ्या बांधायची तिची जागा. आम्ही पोचलो तेव्हा पाच मेल्या होत्या. पोटं फुगलेली, पाय ताठ. एक शेळी उठायला बघायची आणि गुडघ्यावर पडायची. केशरनं डॉक्टरांना फोन लावला. तिकडून ते काय काय विचारत होते आणि ही सांगत होती. "हो, फेस आलाय. हो, पोट फुगलंय. नाही, हिरवा चारा नाही खाल्ला." तिनं एकीच्या पोटावर हात ठेवला आणि ती शेळी तिच्या हाताखालीच गेली.

दीड तासानं डॉक्टर आले तोवर नऊ मेल्या होत्या. सोजरबाईकडं अकरा होत्या. उरलेल्या दोन नुकत्याच व्यायलेल्या, म्हणून त्या दिवशी माळावर सोडल्या नव्हत्या, आत पिलांजवळ बांधलेल्या होत्या. त्याही सोमवारी टोचलेल्याच, त्यांना काही झालं नव्हतं. पण तिकडं त्या वेळी कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

गल्ली सगळी गोळा झाली होती. लिंबाजीही आला. तो शेळ्यांचा व्यापारी, आमच्या चिंचखोरीतला आणि आसपासच्या दहा गावांतला माल तोच उचलायचा. पण दोन वर्षांपासून बायकांचा गट झाला होता. गटाकडं टांगायचा काटा होता. शेळी काट्याला लावायची, किलोवर द्यायची. नजरेनं भाव करणाऱ्या लिंबाजीचा धंदा त्या काट्यानं निम्म्यावर आला होता.

"सोमवारी टोचलं, मंगळवारी मेल्या," लिंबाजी म्हणाला. "मी अडाणी माणूस. माझं चुकत असंल तर सांगा."

"लिंबाजी, तू गप बस," सोजरबाई म्हणाली. "मेलेली तरी तू किलोवर घेणार हाईस का?"

एवढ्या दुःखातही दोन-तीन बाया हसल्या. मग पुन्हा सगळे केशरकडं बघायला लागले.

डॉ. ठवकर नागपूरकडचे. तीसच्या आतबाहेरचे. गावात शेळ्या-शेतीचा प्रकल्प आला होता, त्यात नोकरीला होते. त्यांनी लिंबाच्या मागं नेऊन एका शेळीचं पोट फाडलं. मी शेजारीच उभा होतो, कारण माझं त्यांच्यावर लक्ष होतं. पोट फाडल्या फाडल्या त्यांनी तोंड झटकन बाजूला केलं. मग परत वाकून वास घेतला. आपल्या हातमोज्याचाही घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही काका. वास पाहून राहिलो."

"कशाचा वास?"

"आत्ताच नाही सांगत. नमुना पाठवू द्या."

मला तिथंच शंका आली. डॉक्टर माणूस, पोट उघडून बघतो आणि सांगत नाही म्हणजे काय? काहीतरी झाकायचं असणार.

मग त्यांनी सोजरबाईला विचारलं, "बाई, सकाळपासून यांनी काय खाल्लं, काय पिलं, सगळं सांगा मला."

"रोजचंच. माळावर चारलं. येताना विहिरीवर पाजलं. घरी आणून बांधलं, तर घटकाभरानं हे असं."

"कोणाच्या विहिरीवर?"

"भावजींच्या," ती माझ्याकडं हात करून म्हणाली.

"त्या विहिरीचं पाणी आम्ही माणसं पितो डॉक्टर," मी म्हणालो. "सकाळीच घागर आणलीया. तिथं शोधू नका. तुमच्या बाटलीत शोधा."

आता थोडं मागचं सांगतो.

माझी अडीच एकर जमीन. एक विहीर. वडलांच्या काळापासून विहिरीच्या बांधावर जनावरांसाठी पाणी भरून ठेवायची रीत. आधी दगडी डोणी होती, ती फुटली. मग मी निळं पिंप मधून कापून ठेवलं. माळावरून येणारी शेळी, गाय, कुणाचीही असो, तिथं पिऊन जायची. पाणी पाजायला कुणी कुणाला विचारत नाही आमच्यात.

प्रकल्पवाले आले तेव्हा दोन गोष्टी झाल्या. केशर पशुसखी झाली. आठ दिवस तालुक्याला शिकायला गेली, सुई मारायला शिकली, जंताचं औषध पाजायला शिकली. तिला एक बर्फाची पेटी मिळाली. आणि मला एका एकरावर ठिबक मिळालं. त्यात मी वांगी लावली. दोन्हींमधून चार घरांत बरे दिवस येतील, असं ते म्हणायचे. खोटं नव्हतं. सोजरबाईचा नवरा वारला तेव्हा तिच्याकडं दोन शेळ्या होत्या. गटात आल्यावर दोनाच्या अकरा झाल्या. काट्यावर विकून तिनं पोरीचं लग्न केलं. ऊसतोडीला जायची तीही दोन वर्षं गेली नव्हती.

पण मला पहिल्यापासून ते खुपत होतं. केशरला जीप न्यायला यायची. फोनवर ती "हो सर, आंत्रविषार सर" अशी रोगांची नावं घेऊन बोलायची. मी घरात असूनसुद्धा लोक दारात येऊन "केशरबाई हायत का?" असं विचारायचे. मी तिला काही बोललो नाही कधी. पण माझ्या डोक्यात होतं की, हे फुकट कुणी करत नसतं. यात काहीतरी असणार.

मंगळवारी ते सापडलं, असं मला वाटलं.

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. रिकाम्या बाटल्या केशरच्या पेटीतून काढून त्यांच्यावरची तारीख वाचली. मुदत संपलेली नव्हती. मग मी बर्फाकडं वळलो.

"सोमवारी शेवटी कुणाकडं टोचलं?"

"सोजरकडं," केशर म्हणाली.

"म्हणजे सगळ्यात शेवटी. तोवर बर्फ वितळला असंल."

"अर्धा होता."

"बाटली गार होती का कोमट?"

"तुम्ही फौजदार झालात का आता?"

"गाव विचारायलंय. मी उत्तर काय देऊ?"

"गावाला सांगा, ब्याऐंशी शेळ्या टोचल्या. त्र्याहत्तर उभ्या हायत."

"नऊ पडल्यात त्याचं काय?"

तिनं रिकाम्या बाटल्या परत पेटीत टाकल्या. त्या दिवसांत ती जेवत नव्हती नीट. मला वाटलं, मनात काहीतरी आहे म्हणून जेवत नाही. स्वतःच्या बायकोवर मी असा संशय घेतला. डॉक्टरनं हिला काहीतरी लपवायला सांगितलंय, असंही वाटलं. ती परसाकडं गेली की तिचा फोन उघडून बघायचो. त्यात ठवकरांचा एकच निरोप होता. ताई, तुम्ही काळजी करू नका, तुमची चूक मला दिसत नाही. तोही मी तीनदा वाचला आणि त्यातही मला लपवाछपवीच दिसली.

शुक्रवारी लिंबाजीनं अर्ज लिहून आणला. खराब लस टोचली, डॉक्टर बेजबाबदार, त्यांना गावातून हलवावं आणि चौकशी व्हावी, असा. पहिली सही कुणाची घ्यायची, असा प्रश्न निघाला.

"पशुसखीच्या नवऱ्यानंच केली तर वजन येईल," लिंबाजी म्हणाला.

मी केली. केशरला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी आठला लाईट आली. वांग्यांना खत सोडायचं होतं. ठिबकात खत सोडायची पद्धत अशी की, युरिया पाण्यात कालवायचा, बारीक नळी त्यात सोडायची, मोटर चालू झाली की पाईप ते पाणी ओढून घेतो आणि झाडाच्या मुळाशी नेतो. मला हे नवीन होतं. त्याआधी एकदाच केलं होतं, मंगळवारी.

कापलेल्या पिंपात पाणी भरलं. युरिया ओतला. हात घालून ढवळायला लागलो. युरिया विरघळला की पाणी थंड होतं. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, सकाळीच कडक ऊन होतं, आणि माझा हात कोपरापर्यंत गार पडला. पाणी पहिल्यासारखंच नितळ दिसत होतं. रंग नाही, काही नाही.

ढवळता ढवळता खाली बघितलं. पिंपाभोवती मंगळवारी पाणी सांडून चिखल झाला होता. तो आता वाळला होता. त्यात खुरं उमटली होती. शेळ्यांची. एकावर एक, पिंपाच्या अगदी कडेपर्यंत. मधे लेंड्या पडल्या होत्या.

मी हात बाहेर काढला.

मंगळवारी मी निम्मं खत सोडलं आणि अकराच्या सुमाराला लाईट गेली. खांबावर काहीतरी तुटलं होतं. आता दुपारपर्यंत येत नाही म्हणून मी पिंप तसंच ठेवून जेवायला घरी आलो. चारला परत गेलो तेव्हा पिंपातलं पाणी बरंच खाली गेलं होतं. नळीनं ओढलं असेल, असं मला वाटलं. लाईट नसताना नळी पाणी कशी ओढेल, हा विचार मनात आला नाही. सोजरबाईच्या शेळ्यांचंच डोक्यात होतं. तिच्या शेळ्या रोज बाराला तिथं यायच्या.

युरिया जनावराला चालत नाही हे मला ठाऊक होतं. पोतं मी माळ्यावर ठेवायचो, गाईचं तोंड पोचू नये म्हणून. पण बारा वर्षं त्या पिंपातलं पाणी म्हणजे जनावरांचं प्यायचं पाणी. ते पाणी कुणाला मारील, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं आणि सोजरबाईनं विहीर सांगितली, तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोर विहीर आली, पिंप आलं नाही.

प्रकल्पानं खतासाठी झाकणाची टाकी दिली होती. वेगळी, पिवळी, वर आटे फिरवून लागणारं झाकण. ती मी घरी नेली होती. नवीकोरी टाकी, तिच्यात खत कशाला नासवायचं, प्यायचं पाणी भरू, असं म्हणून. केशर तेव्हा म्हणाली होती, "ज्यासाठी दिली त्यासाठी वापरा." मी ऐकलं नव्हतं.

मी पिंप पालथं केलं. खुरांवर पाणी ओतून पायानं चिखल सारखा केला. मग पिंप तीनदा धुतलं.

केशर संध्याकाळी वांगी तोडायला मळ्यात आली. पिंप पालथं दिसल्यावर थांबली.

"हे कुणी पालथं केलं?"

"मी."

"का? जनावरं कुठं पितील?"

मी सांगितलं. लाईट गेल्यापासून सगळं. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही. ती बांधावर बसली. डोक्यावरची पाटी काढून बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "पाच दिवस झाले. मी बाटली हलवली होती का, सुई खोल गेली का, बर्फ किती होता, हेच चाललंय डोक्यात. झोपेतसुद्धा टोचायलेय मी. नऊच्या नऊ. परत परत."

"व्हय."

"आणि तुम्ही माझ्या बाटल्या तपासायलाव. माझा फोन बघायलाव. कळत नाही का मला?"

मी पायानं बांधावरची माती सारत होतो.

"अर्जावर तुमची सही हाय म्हणं. पहिली."

"व्हय."

"उद्या साहेब येणारंत. समाजमंदिरात मिटिंग हाय. तिथं सांगा. सगळ्यांम्होरं, सोजरच्या तोंडावर."

"सांगतो."

"मी सांगून चालणार नाही. मी म्हणले की नवऱ्याच्या युरियानं मेल्या, तर बाया म्हणतील, स्वतःची पेटी वाचवायला नवऱ्याला पुढं केलं. डॉक्टरनं पढवलं म्हणतील. कुणी इश्वास ठेवणार नाही. तुम्ही सांगितलं तरच हे खरं होईल."

"सांगतो म्हणलं ना."

"सोजर काय करंल? दोन शिव्या देईल. रडंल. पर तुम्ही चुकून केलंय, मुद्दाम नाही. ती समजून घेईल. बायका परत टोचून घेतील. एवढंच पाहिजे मला."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी बघत होतो.

रविवारी समाजमंदिर भरलं होतं. बाया एका अंगाला, गडी एका अंगाला. प्रकल्पाचे साहेब जिल्ह्याहून आले होते, शांत माणूस. शेजारी डॉ. ठवकर. लिंबाजी मागं भिंतीला टेकून बसला होता. तो गटात नव्हता, त्याचं तिथं काही काम नव्हतं, पण त्याला कुणी जा म्हणालं नाही.

साहेबांनी आधी अर्ज वाचून दाखवला. शेवटी सह्या वाचल्या. माझं नाव पहिलं आलं तसं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "याला म्हणतात माणूस. घरचं म्हणून झाकलं नाही."

हे माझ्या कानावर पडलं आणि तिथं मी अडकलो. हे मी आज लिहितोय, पण तेव्हाच कळलं होतं.

डॉक्टर उठले. "पोट फाडलं तेव्हा मला अमोनियाचा वास आला. नमुन्याचा कागद अजून आला नाही. पण लशीनं असा वास येत नाही. मला युरियाची शंका आहे. कुठंतरी युरिया त्यांच्या पोटात गेला. मी दोष देऊन राहिलो नाही कोणाला. फक्त विचारतो. इथं ठिबकातून युरिया कोण सोडतं?"

गावात ठिबक तेव्हा तिघांकडं होतं. दोघांची शेतं ओढ्याच्या पलीकडं. सोजरबाईच्या वाटेवर एकटा मी.

"मी सोडतो," मी म्हणालो.

केशर बायांच्या रांगेत पुढून दुसरी बसली होती. तिनं मान वर केली.

"कशात कालवता काका?" डॉक्टरांनी विचारलं.

इथं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. सगळे ऐकत होते, सोजरबाई ऐकत होती. मी उभा राहिलो. मागून लिंबाजी म्हणाला, "आता बायकोची सुई सुटली आणि नवऱ्याचं पोतं सापडलं." लोक हसले.

"आमच्याकडं झाकणाची टाकी हाय," मी म्हणालो. "तुमच्याच प्रकल्पानं दिलेली."

"उत्तम," साहेब म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी खाली बसलो. शब्दाला शब्द धरला तर ते खोटं नव्हतं. टाकी आमच्याकडं होतीच. घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी, पिण्याच्या पाण्यानं भरलेली.

केशर माझ्याकडं बघत होती. पुढं जे काही चाललं त्या सगळ्या वेळात ती माझ्याकडंच बघत होती. मिटिंग संपेपर्यंत तिनं दुसरीकडं पाहिलं नाही. मी पुन्हा उठेन, असं तिला वाटत असेल.

साहेबांनी सोजरबाईला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

सोजरबाई उठली. "केशर मला जावेसारखी हाय. तिनं मुद्दाम केलं, असं मी मेले तरी म्हणणार नाही. पर तिची सुई परत माझ्या दारात नको."

"बाकीच्यांचं?"

ज्यांना केशरची सुई नको त्यांनी हात वर करा, असं ते म्हणाले. मग एकीनं हात वर केला, मग दुसरीनं. चौदा बायांच्या गटात अकरा हात वर झाले.

केशर उठली. पेटी तिच्याजवळच होती. ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. "आत दोन बाटल्या भरलेल्या हायत. बर्फ आज सकाळी घातलाय. लागलं तर बघून घ्या," असं म्हणाली आणि बाहेर गेली.

डॉक्टर जाताना माझ्याजवळ थांबले. "काका, ती टाकी जरा पाहू शकतो मी?"

"कधीबी या," मी म्हणालो.

ते आले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली. नमुन्याचा कागद पुढं महिन्यानं आला. नमुना उशिरा पोचल्यामुळं काही सांगता येत नाही, असं त्यात होतं.

घरी आलो तर केशरनं टाकीचं झाकण काढलं होतं. तांब्या तांब्यानं पाणी बाहेर काढून अंगणात टाकत होती. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, "सरका." टाकी रिकामी झाली तशी तिनं ती डोक्यावर घेतली. मळ्यात नेऊन विहिरीजवळ ठेवली. परत आल्यावर म्हणाली, "आता हिच्यात खत कालवा."

"केशर, मी पुढच्या मिटिंगीत..."

"मी तुम्हाला परत विचारणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला जवा सांगायचं तवा सांगा."

आणि तिनं खरंच परत विचारलं नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही. भाकरी दिली, मळ्यात आली, पाहुण्यांत हसली. फक्त त्या नऊ शेळ्यांचं नाव घरात निघालं नाही.

त्या हिवाळ्यात शेळ्यांना रोग आला. तोंड येतं, हगवण लागते, आठ दिवसांत शेळी जाते, तो. त्यावर लस आहे. शेजारच्या गावांनी टोचून घेतली. आमच्या गावात दुसरी पशुसखी आली तर बायांनी तिला दारात उभं केलं नाही. सुईनं काय होतं ते आम्ही बघितलंय, म्हणाल्या. चाळीसच्या वर शेळ्या गेल्या. सोजरबाईच्या उरलेल्या दोन आणि त्यांची पिलं, सगळी गेली. आमच्या तीन शेळ्यांना केशरनं तालुक्याला नेऊन टोचून आणलं होतं. त्या जगल्या. त्यावरूनही बायका बोलल्या, हिनं स्वतःच्या जपल्या म्हणून.

काटा समाजमंदिरात गंजून पडला. गट मोडला. शिल्लक होत्या त्या शेळ्या लिंबाजी पुन्हा नजरेनं घ्यायला लागला. सोजरबाई पुन्हा ऊसतोडीला जायला लागली. पन्नाशी उलटलेली बाई, अजून जाते.

माझी वांगी चांगली आली. ठिबक एकाचं दोन एकर झालं.

केशर दोन वर्षांमागं भाद्रपदात गेली. पोटात गाठ निघाली होती, चार महिने चाललं. त्या चार महिन्यांत आम्ही दोघंच असायचो बऱ्याचदा. ती जागी असायची आणि मीही. सांगितलं नाही, हे तिला ठाऊक होतं. सांगणार आहे, असं तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण तिचा इश्वास बसला नसता.

तेराव्याला सोजरबाई आली. जेवली नाही. बाहेर ओट्यावर माझ्याशेजारी बसली.

"भावजी, एक सांगू का?"

"सांगा वहिनी."

"केशरवर मी लई वर्सं राग धरला. मग कमी होत गेला. मानसाच्या हातून होतं. मी तिला मनातून कवाच माफ केलं होतं. तिला एकदा तोंडानं सांगायचं होतं, तर दरवर्षी तोडीला जायचं, परत आलं की इसरायचं. राहून गेलं बघा."

ओट्यावर आम्ही दोघंच होतो. आत बाया भांडी घासत होत्या. मला विचारायला डॉक्टर नव्हता, हसायला लिंबाजी नव्हता.

"तिला पोचलं असंल," मी म्हणालो.

"पोचलं असंल का?"

"व्हय."

तिनं डोळे पुसले आणि उठून गेली.

यंदाही ती तोडीहून आली आहे. दारात लिंबाखाली दोन पाटी, म्हणजे अजून न व्यायलेल्या शेळ्या, बांधल्यात, कुणाकडून तरी वाट्यानं आणलेल्या. त्यांना लस टोचलेली नाही. तिचं घर माझ्या घरापासून चौथं आहे. मी रोज तिच्या दारावरून मळ्यात जातो. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.